वाट चुकलेलें पित्त
(नभोवाणीवरील भाषण)

'पित्त' हा शब्द आपल्या घरोघरीं रोज उच्चारला जातो. कोणाचें डोकें दुखूं लागलें कीं 'पित्त झालें', कोणाला आंबट ढेंकर आले कीं 'पित्त उसळलें', आणि घरांतील एखादें वडील माणूस क्षुल्लक कारणावरून संतापलें कीं 'पित्त खवळलें', असें आपण सहज म्हणून जातों. यांपैकीं दुसऱ्या प्रसंगीं दोष बहुतकरून जठरांतील आम्लाचा असतो, आणि तिसऱ्या प्रसंगीं कशाचा असतो तें त्या घरांतील मंडळीच जाणोत! आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे तें खऱ्याखुऱ्या पित्ताविषयीं, म्हणजे यकृतांत तयार होणाऱ्या त्या पिवळसर हिरव्या, कडू रसाविषयीं. आणि त्यांतहि, यकृतावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर हा रस कधीं कधीं आपली वाट सोडून भलतीकडे वाहूं लागतो, त्या प्रसंगाविषयीं. विषय थोडा अवघड आहे खरा. परंतु ज्या घरावर हा प्रसंग येतो त्या घराला दोन-तीन दिवसांत मोठा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घेतांना पुरेशी माहिती नसल्यामुळें फार मनस्ताप होतो. मी स्वतः सोलापुरांत वैद्यकीचा व्यवसाय करणारा असूनहि त्या मनस्तापांतून गेलों आहें. म्हणूनच आजच्या भाषणाला हा विषय घेतला आहे.

प्रथम शरीरांतील व्यवस्था पाहूं. यकृत हा उजव्या बरगड्यांच्या आड असलेला, सुमारें दीड किलो वजनाचा अवयव. त्यांत दिवसाकाठीं पाऊण ते एक लिटर पित्त तयार होतें. केसाहून बारीक अशा असंख्य नलिकांतून तें गोळा होतें. या नलिका एकमेकींस मिळत मिळत शेवटीं एक उजवी व एक डावी अशा दोन मोठ्या नलिका होतात, आणि त्या दोहोंची मिळून एक मुख्य पित्तनलिका बनते. वाटेंत पित्ताशयाची लहानशी पिशवी तिला जोडलेली असते. मुख्य नलिकेची रुंदी पांच-सहा मिलिमीटर, म्हणजे आपल्या मुलांच्या पाटीजवळच्या पेन्सिलीएवढी. आणि ती लहान आंतड्याच्या आरंभींच्या भागांत उघडते. या तोंडाशीं स्नायूचें एक वर्तुळाकार कडें असतें. रुज्जेरो ओडी या इटालियन गृहस्थानें विद्यार्थिदशेंत असतांनाच, १८८७ सालीं, त्याचें वर्णन केलें. म्हणून त्यास ओडीचें कडें म्हणतात. जेवणानंतर तें सैल होतें व पित्त आंतड्यांत उतरतें. एरवीं तें आवळलेलें असतें व पित्ताला थोपवून धरतें. स्निग्ध पदार्थांचें पचन या रसाच्या साह्यानें होतें, आणि शरीरांतून बाहेर टाकावयाचीं कांहीं द्रव्येंहि याच वाटेनें जातात.

सोलापूरच्या श्रोत्यांना ही व्यवस्था एका उदाहरणानें चटकन् कळेल. आपल्या शहराच्या उत्तरेस १८७१ सालीं पुरा झालेला हिप्परग्याचा तलाव आहे, आणि १९८० पासून भीमेवर उजनीचें धरण आहे. तलाव, कालवा, पाटचाऱ्या आणि दरवाजे हीं नांवें आपल्या जिल्ह्यांतील शाळकरी मुलासहि ठाऊक असतात. पित्ताचें तंत्र असेंच आहे. फरक इतकाच कीं तेथें पाण्याचा ओघ पाटचाऱ्यांतून मुख्य कालव्याकडे, म्हणजे उलट दिशेनें चालतो, आणि ओडीचें कडें हा शेवटचा दरवाजा. आतां असें समजा कीं या कालव्याला मध्येंच कोठें भगदाड पडलें आणि शेवटचा दरवाजा मात्र अर्धवट मिटलेला आहे. पाणी कोठून जाईल? जिकडे अडथळा कमी तिकडून, म्हणजे भगदाडांतून. भगदाडाच्या तोंडांत मातीचीं पोतीं कितीहि टाकलीं तरी मागचा दाब कायम असेपर्यंत तीं वाहून जाणार. शहाणा कालवा-निरीक्षक प्रथम पुढचा दरवाजा पुरा उघडतो व पाण्याचा दाब उतरवतो. मग भगदाड बुजवणें सोपें होतें. ही गोष्ट कृपा करून ध्यानांत ठेवा. माझ्या आजच्या भाषणाचा सारा मथितार्थ तींत आहे.

आतां हें भगदाड पडतें कशानें? यकृतावर शस्त्रक्रिया करण्याचे प्रसंग अनेक. यकृतांत गांठ झाली तर तिच्यासह यकृताचा कांहीं भाग कापून काढावा लागतो. अपघातांत यकृत फाटलें तर तें सांधावें लागतें. एखादा भाऊ किंवा एखादी आई आपल्या माणसासाठीं स्वतःच्या यकृताचा तुकडा देते, तेव्हांहि तें कापावें लागतें. फ्रान्समधील क्विनो या शारीरशास्त्रज्ञानें १९५७ सालीं यकृताचे आठ स्वतंत्र भाग दाखवून दिले, तेव्हांपासून या शस्त्रक्रिया पुष्कळ सुरक्षित झाल्या. तरीहि कापलेल्या पृष्ठभागावर शेंकडों बारीक नलिकांचीं तोंडें उघडीं पडतात. तीं एकेक करून बांधलीं तरी एखादें निसटतें, किंवा चार दिवसांनीं त्यावरचा बांध सुटतो. यकृताचा भाग कापून काढलेल्या शंभर रुग्णांपैकीं पांच ते दहांना अशी गळती लागते, असा जगभरचा अनुभव आहे; निष्णात हातांखालींहि ती लागते. पित्ताशय काढण्याच्या नेहमींच्या शस्त्रक्रियेंत मुख्य नलिकेला इजा होण्याचें प्रमाण याहून पुष्कळ कमी, हजारांत तीन ते पांच, असें आहे. पण तसल्या शस्त्रक्रिया संख्येनें फार होत असल्यामुळें अशा इजांचे रुग्णहि डॉक्टरांकडे येत राहतात.

आपल्या जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर आणखी एक कारण सांगितलें पाहिजे. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस हा मेंढपाळांचा मुलूख. मेंढरें आणि कुत्रीं जेथें एकत्र नांदतात तेथें हायडॅटिड नांवाचा विकार आढळतो. कुत्र्याच्या आंतड्यांत एक अगदीं लहान कृमि राहतो. त्याचीं अंडीं विष्ठेबरोबर बाहेर पडून गवताला, भाजीला, पाण्याला लागतात. तीं मेंढराच्या पोटांत गेलीं कीं त्याच्या यकृतांत पाण्यानें भरलेली पिशवी तयार होते. माणसाच्या पोटांत गेलीं तर माणसाच्या. ही पिशवी वर्षानुवर्षें हळूहळू वाढते व वाढतां वाढतां शेजारच्या पित्तनलिकांना जाऊन भिडते. पुढें शस्त्रक्रिया करून ती रिकामी केली कीं त्या नलिकांचीं तोंडें मोकळ्या झालेल्या पोकळींत उघडीं राहतात, आणि पित्त तेथें पाझरूं लागतें.

माझ्या मामांच्या बाबतींत हेंच घडलें. ते सांगोल्याकडे राहतात. शेती आणि पिढीजात मेंढरांचा एक लहान कळप. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांच्या उजव्या बरगडीखालीं जड वाटूं लागलें. सोनोग्राफी केली तेव्हां यकृतांत नारळाएवढी पाण्याची पिशवी निघाली. औषधाचा योग्य तो क्रम झाल्यावर एका अनुभवी शल्यविशारदांनीं शस्त्रक्रिया केली. ती उत्तम झाली. पोटांत एक रबरी नळी ठेवून तिचें दुसरें टोंक बाहेर पिशवींत सोडलें होतें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं मी खोलींत गेलों तों मामींनीं त्या पिशवीकडे बोट दाखवलें व विचारलें, "बाळ, हें हळदीचें पाणी कसलें रे?"

तें पित्त होतें. त्या दिवशीं साडेतीनशें मिलिलिटर भरलें. मी वैद्य खरा, पण शल्यविशारद नव्हे. शिवाय रोगी माझे मामा. माझें सारें शास्त्र त्या क्षणीं कोठें गेलें कोण जाणे! मी तसाच उठून शल्यविशारदांकडे गेलों आणि म्हणालों, "उद्यांच पुन्हां पोट उघडा आणि तें भोंक शिवून टाका." त्यांनीं माझें सारें बोलणें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाले, "डॉक्टर, ओल्या कागदाला टांका घालतां येतो का? शस्त्रक्रियेनंतर चौथ्या-पांचव्या दिवशीं यकृत सुजून तसेंच झालेलें असतें. टांका घालावा तेथून तें फाटतें, आणि एका भोंकाचीं दोन होतात."

घरीं मात्र ही गोष्ट पटवणें सोपें नव्हतें. थोरला मामेभाऊ म्हणे, 'चूक झाली म्हणून आतां वेळ काढतात.' धाकटा म्हणे, 'येथून हलवलेंच पाहिजे, मग कोठेंहि नेऊं.' मामी कोणाशींच बोलत नव्हत्या. आणि मी, ज्यानें सर्वांना धीर द्यावयाचा, तो मनांतून थोरल्याच्याच बाजूचा होतों.

शल्यविशारदांनीं आम्हां सर्वांना एकत्र बसवून तीन प्रश्न सांगितले. अशा प्रसंगांत सांपडलेल्या प्रत्येक घरानें हे तीन प्रश्न आपल्या डॉक्टरांना विचारावेत, म्हणून ते मी येथें देतों. पहिला प्रश्न: गळणारें सारें पित्त नळीवाटे बाहेर पडत आहे, कीं त्यांतलें कांहीं पोटांत सांचत आहे? दुसरा: रोग्याला ताप, थंडी किंवा कावीळ आहे काय? आणि तिसरा: मुख्य नलिका अखंड आहे, कीं ती तुटली अथवा बांधली गेली आहे?

या प्रश्नांचीं उत्तरें कशीं मिळतात तेंहि सांगतों. नळींतला रस पित्तच आहे काय, हें त्यांतील बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याच्या मोजणीवरून ठरतें. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशीं किंवा पुढें तें प्रमाण रक्तांतील प्रमाणाच्या तिप्पट वा अधिक भरलें तर गळती आहे असें समजावें, असा संकेत निरनिराळ्या देशांतील यकृत-शल्यविशारदांनीं २०११ सालीं ठरविला. पोटांत कोठें डबकें सांचलें आहे काय तें सोनोग्राफी व सीटी स्कॅन यांनीं दिसतें. आणि नलिकांचा नकाशा पाहावयाचा तर चुंबकीय यंत्रानें, सुई न टोंचतां, त्यांचें चित्र घेतां येतें, त्यास एम. आर. सी. पी. म्हणतात. मामांना ताप नव्हता, आंत डबकें नव्हतें आणि मुख्य नलिका अखंड होती. पाणी चुकलें होतें तें एका पाटचारींतून.

अशा स्थितींत पुष्कळ गळत्या नुसत्या वाट पाहिल्यानें आपोआप थांबतात. नळी चालू ठेवावी, रोज मोजमाप करावें, आणि शरीराला आपलें काम करूं द्यावें. परंतु मामांची गळती आठवडा लोटला तरी कमी होईना. म्हणून त्यांना एका मोठ्या शहरीं नेलें. तेथें जो उपाय झाला त्याचें नांव ई. आर. सी. पी. पोटावर नवा छेद नाहीं, टांका नाहीं. रोग्याला गुंगीचें औषध देतात. तोंडावाटे एक लवचिक दुर्बीण अन्ननलिकेंतून, जठरांतून, आंतड्याच्या आरंभापर्यंत नेतात. तेथें ओडीच्या कड्याचें इवलेंसें तोंड दिसतें. त्यांत एक बारीक तार व तिच्यावरून एक नळी सरकवून रंगद्रव्य सोडतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहतात. मग पित्तवृक्षाच्या साऱ्या फांद्या उमटतात, आणि ज्या फांदींतून रंग बाहेर झिरपतो ती नेमकी उघडी पडते. जागा कळली कीं विजेच्या तारेनें कड्याला लहानसा छेद देतात, आणि नलिकेंत प्लॅस्टिकची एक बोटभर लांबीची नळी बसवितात. तीस स्टेंट म्हणतात.

आतां कालव्याचें उदाहरण पुन्हां आठवा. भगदाडाला कोणी हात लावला नाहीं. फक्त शेवटचा दरवाजा उघडा ठेवला. दाब उतरला, पित्ताला आंतड्याची सोपी वाट मिळाली, आणि कोरड्या पडलेल्या भगदाडाची जखम शरीरानें स्वतःच भरून काढली. मामांच्या पिशवींत दुसऱ्या दिवशीं दोनशें मिलिलिटर आलें, चौथ्या दिवशीं साठ, आणि नवव्या दिवशीं कांहीं नाहीं. पोटांतली नळी काढली. सातव्या आठवड्यांत तशीच दुर्बीण घालून स्टेंटहि काढला. मुख्य नलिका अखंड असून गळती फांदीची असेल, तर शंभरांतील नव्वद किंवा त्याहूनहि अधिक रोगी या उपायानें बरे होतात.

कांहीं वेळां मात्र खालून वर जाण्याचा रस्ता बंद असतो. नलिका मध्येंच तुटलेली असते, अरुंद होऊन मिटलेली असते, किंवा पूर्वींच्या एखाद्या शस्त्रक्रियेमुळें आंतड्याची रचना बदललेली असते. अशा वेळीं वरून खालीं यावें लागतें. बरगड्यांच्या मधून, कातडी बधिर करून, सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखालीं एक अतिशय बारीक सुई यकृतांतील नलिकेंत घालतात. जपानांतील चिबा विद्यापीठांत तिचा प्रसार झाला म्हणून ती चिबा सुई या नांवानें ओळखली जाते. सुईमागून तार, तारेवरून नळी, असें करीत पित्त बाहेर काढतां येतें, अरुंद जागीं लहानसा फुगा फुगवून ती रुंद करतां येते, आणि तुटलेलीं दोन टोंकें फार दूर नसतील तर वरून आलेली तार व खालून आलेली दुर्बीण यांची मध्यावर गांठ घालून देतां येते. पोटांत पित्ताचें डबकें सांचलें असेल तर अशाच रीतीनें त्यांत टोंकाशीं वळलेली एक नळी सोडून तें उपसतात. ताप आलेल्या रोग्यांत हें काम सर्वांच्या आधीं करावयाचें असतें. कारण सांचलेलें पित्त नासलें कीं जिवावर बेततें.

हीं साधनें आपल्या हातीं आलीं त्याला फार काळ लोटलेला नाहीं. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिन येथें लांगेनबुख यांनीं १८८२ सालीं केली. पण दुर्बिणीवाटे पित्तनलिकेच्या तोंडांत प्रथम शिरकाव झाला तो १९६८ सालीं, अमेरिकेंत. ओडीच्या कड्याला दुर्बिणींतून छेद देण्याची क्रिया १९७४ सालीं जर्मनींत क्लासन व डेमलिंग यांनीं आणि जपानांत कावाई यांनीं, जवळजवळ एकाच वेळीं, केली. स्टेंटची युक्ति हॅम्बुर्गच्या सोहेंद्रा यांनीं १९७९ च्या सुमारास काढली. आपल्या शहरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ सालीं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच निवर्तले. रणांगणावरील जखमी शिपायांच्या पोटांत हात घालणाऱ्या त्या पिढीपाशीं अशा इजेसाठीं सुरी, दोरा व धीर यांपलीकडे कांहीं नव्हतें. आज त्यांतला धीर तेवढा तसाच लागतो. बाकीचीं साधनें पालटलीं आहेत.

आपल्याकडेहि हें शास्त्र लौकर रुजलें. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेम्तन उदवाडिया यांनीं १९९० सालीं दुर्बिणीच्या साह्यानें पित्ताशय काढून या देशांत त्या पद्धतीचा पाया घातला. ही पद्धति नवी होती तेव्हां मुख्य नलिकेला इजा होण्याचे प्रसंग सर्वच देशांत वाढले, हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. आणि पुढें १९९५ मध्यें अमेरिकेच्या स्ट्रासबर्ग यांनीं, नलिका व रोहिणी निःसंदेह ओळखूं आल्यावांचून कांहींहि कापूं नये, असा जो दंडक घालून दिला, तो आज जगभर शिकविला जातो. दुर्बिणीनें पित्तनलिकेवर इलाज करण्याच्या विद्येंत मुंबईचे डॉ. अमित मायदेव आणि हैदराबादचे डॉ. नागेश्वर रेड्डी यांचीं नांवें सर्वत्र आदरानें घेतलीं जातात. सोलापूर हें मुंबई-पुणें आणि हैदराबाद यांना जोडणाऱ्या वाटेवरचें गांव. त्यामुळें येथल्या रोग्यासमोर पश्चिमेला जावें कीं पूर्वेला, असाच काय तो प्रश्न असतो.

परंतु प्रत्येक इजा बिनटांक्याच्या उपायानें बरी होईल असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. मुख्य नलिकाच पुरती तुटली असेल किंवा तिचा तुकडा गेला असेल, तर शेवटीं शस्त्रक्रियाच करावी लागते. आंतड्याचा एक वेढा वर आणून तो यकृतांतून निघणाऱ्या निरोगी नलिकेला जोडतात. ही शस्त्रक्रिया या कामांत मुरलेल्या हातांनींच व्हावी, आणि पोटांत पू किंवा दाह असेल तर तो शमेपर्यंत, बहुधा दीड-दोन महिने, तिच्यासाठीं थांबावें. घाईनें व अननुभवी हातांनीं केलेली दुरुस्ती पुन्हां अरुंद होते, आणि दुसऱ्या खेपेस जोडावयाला नलिका उरतच नाहीं. या मधल्या काळांत रोग्याला सुखरूप ठेवण्याचें कामहि वर सांगितलेल्या नळ्याच करतात. दुर्बिणीच्या उपायालाहि धोका अगदींच नाहीं असें नाहीं. शंभरांतील पांच ते दहा रोग्यांना त्यानंतर स्वादुपिंडाचा दाह होतो. तो बहुधा सौम्य असतो, पण क्वचित् गंभीरहि होतो. कधीं रक्तस्राव होतो. म्हणून हा उपाय नुसत्या हौसेनें करावयाचा नसतो.

आतां घरांतील मंडळींनीं काय करावें तें थोडक्यांत सांगतों.

पोटांत नळी असेल तर रोज ठराविक वेळीं पिशवींतील रस मोजून, त्याचा रंग पाहून, एका वहींत लिहून ठेवावा. डॉक्टरांना त्या वहीसारखा दुसरा साक्षीदार नाहीं. नळी आपल्या मनानें चिमटूं नये, ओढूं नये, कीं धुऊं नये. बाहेर जाणाऱ्या पित्ताबरोबर पाणी व क्षार जातात, ते भरून काढावे लागतात. शिवाय आंतड्यांत पित्त उतरलें नाहीं तर 'के' जीवनसत्त्व अंगीं लागत नाहीं व रक्त गोठण्यास वेळ लागतो; तशा वेळीं डॉक्टर त्याचें इंजेक्शन देतात, त्यास विरोध करूं नये.

रुग्णालयांतून घरीं आल्यावर चार खुणा ध्यानांत ठेवाव्या: हुडहुडी भरून ताप येणें, डोळे पिवळे होणें, लघवी गडद होणें आणि शौचाचा रंग फिका पडणें. ही शेवटची खूण आपल्या पूर्वजांनाहि माहीत होती. चरकसंहितेंत कावीळीच्या एका प्रकारांत मळ वाटलेल्या तिळासारखा फिका होतो असें सांगून, पित्ताची वाट अडल्यामुळें तसें होतें, असें कारणहि दिलें आहे. दुर्बीण नसतांना केवळ निरीक्षणानें जाणलेली ही गोष्ट आजहि जशीच्या तशी खरी आहे. यांतली एखादी खूण दिसली तर काविळीचें झाडपाल्याचें औषध शोधीत दिवस घालवूं नका. त्याच दिवशीं डॉक्टर गांठा.

आणि स्टेंटविषयीं एक फार महत्त्वाची सूचना. प्लॅस्टिकचा स्टेंट सुमारें तीन महिन्यांत गाळानें भरूं लागतो. तो वेळेवर काढला किंवा बदलला नाहीं तर ज्या नळीनें रोग्याला वांचविलें तीच नळी पुढें नलिकेंत पू धरण्यास कारण होते. रोगी बरा होतो, जेवूं लागतो, शेतावर जातो, आणि पोटांत कांहीं ठेवलें आहे हेंच विसरतो. असे रोगी मीं पाहिले आहेत. आपल्या घरोघरीं सोलापूरचेंच दाते पंचांग असतें. एकादशी आणि संकष्टी पाहण्यासाठीं तें आपण रोज उघडतों. त्याच पानावर स्टेंट काढण्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मामींनीं तसें केलें होतें. मामा दोनदां म्हणाले, 'बरं वाटतंय, राहूं दे कीं'. पण मामींनीं पंचांग पुढें धरलें आणि त्यांना गाडींत बसविलें.

जेथें हें दुखणें मुळांत टाळतां येण्याजोगें आहे तेथें तें टाळावें, हें तर सर्वांत उत्तम. हायडॅटिडच्या बाबतींत उपाय सोपे आहेत. पाळलेल्या कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्यानें ठराविक काळानें कृमिनाशक औषध द्यावें. मेंढरू कापल्यावर त्याचें काळीज, फुप्फुस वगैरे टाकाऊ भाग कुत्र्यांना घालूं नयेत, ते पुरावेत. कुत्र्याला हात लावल्यावर मुलांनीं साबणानें हात धुवावेत, आणि कच्ची भाजी स्वच्छ धुऊन खावी. मामांच्या वाड्यावर आतां हे सारे नियम चालतात.

श्रोतेहो, त्या दिवशीं माझा हट्ट चालला असता तर मामांचें पोट पांचव्या दिवशीं दुसऱ्यांदा उघडलें गेलें असतें. आणि पुढें काय झालें असतें याचा विचार मी शक्यतों करीत नाहीं. त्या शल्यविशारदांनीं माझें ऐकलें नाहीं, हा त्यांचा माझ्यावर उपकार. आपल्या माणसाच्या अंगांतून नको तें वाहतांना दिसलें कीं 'कांहीं तरी करा' असें मन ओरडूं लागतें, आणि डॉक्टर थांबला तर तो हात झटकतो आहे असें वाटतें. पण नळी चालू आहे, ताप नाहीं, रोज मोजमाप होत आहे आणि पुढची तयारी चालली आहे, अशा वेळचें थांबणें हाहि एक उपचारच असतो. म्हणून डॉक्टरांवर रागावण्यापूर्वीं ते तीन प्रश्न विचारा. उत्तरें समाधानकारक असतील तर धीर धरा. नसतील तर विलंब न लावतां, या कामांतील अनुभवी मंडळी जेथें असतील तेथें रोग्याला न्या.

गेल्या आषाढीला मामा माळशिरसपासून पंढरपुरापर्यंत पायीं चालत गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "वाट लांब होती, पण सरळ होती." पित्ताविषयीं मीं आपल्याला जें सांगितलें, त्यांत भर घालण्यासारखें याहून अधिक माझ्याजवळ कांहीं नाहीं.